धागा: पडून उठलेल्या खेळाडूंची पुस्तकं – कोणती टिकतात, कोणती नुसतीच गुळगुळीत?

थर्डमॅन

खेळाडूंची पुस्तकं वाचायचा नाद जुना आहे. त्यातलीच एक जात म्हणजे चढला, पडला, गाळात रुतला आणि पुन्हा उठला या वळणाची. फुटबॉल घ्या, क्रिकेट घ्या, मोटारींच्या शर्यती घ्या, साचा ठरलेला. कडक बाप, पहिला मोठा विजय, पैसा, मग दारू किंवा अपघात किंवा आजार, मग तळ, तळाशी भेटलेला एखादा देवमाणूस आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात चषक. मुखपृष्ठावर आपल्याकडे रोखून बघणारा गंभीर चेहरा, शक्यतो कृष्णधवल. वाचताना अंगात वीज वगैरे संचारते आणि आठवड्याभरात सगळं विसरायला होतं.

काही मात्र विसरता येत नाहीत. मला वाटतं, फरक एकाच ठिकाणी आहे. उठलो कसा, हे सगळेच सांगतात. पडलेले असताना आपण कोणाला काय काय खोटं सांगितलं, हे सांगणारे थोडे. पुस्तक टिकतं ते त्या दुसऱ्या भागावर.

फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर निकी लाउडाचंच बघा. १ ऑगस्ट १९७६, जर्मनीतला न्युर्बुर्गरिंग ट्रॅक, दुसऱ्याच लॅपला फेरारी आपटून पेटली. मागून आलेल्या ड्रायव्हरांनी आपापल्या गाड्या थांबवून त्याला आगीतून ओढून काढलं. चेहरा भाजला, पण खरा धोका फुप्फुसात गेलेल्या धुराचा होता. इस्पितळात पाद्री येऊन अखेरचा विधी करून गेला. आणि ४२ दिवसांनी हा गडी इटलीत मोंझाच्या शर्यतीला गाडीत बसला आणि चौथा आला. हेल्मेट काढताना आतलं कापड जखमांना चिकटून रक्ताळलेलं.

इथवर सगळ्यांना माहीत असतं. लाउडाने १९८६ च्या 'टू हेल अँड बॅक'मध्ये यापुढची गोष्ट लिहिली आहे. मोंझाला त्याने पत्रकारांना सांगितलं होतं की भीती केव्हाच मागे टाकली. पुस्तकात सरळ लिहितो की ते खोटं होतं. भीतीने तो ताठरून गेला होता. प्रतिस्पर्ध्यांना त्याचा वास लागू नये म्हणून तसं बोलला, एवढंच. मग त्याच वर्षीची शेवटची शर्यत, जपानमध्ये फुजीला, धो धो पावसात. दोन लॅप मारून लाउडा गाडी आत घेऊन आला आणि उतरला. फेरारीचा इंजिनिअर फोर्गिएरी म्हणाला, इंजिन बिघडलं असं सांगू या. हा म्हणाला, नको. प्रतिस्पर्धी जेम्स हंट तिसरा आला आणि जगज्जेतेपद एका गुणाने गेलं.

म्हणजे सप्टेंबरात लपवलेली भीती ऑक्टोबरात सगळ्या जगासमोर मान्य केली. मधे सहाच आठवडे. मला तरी मोंझाच्या चौथ्या नंबरापेक्षा फुजीची माघार जास्त मोठी वाटते.

टेनिसमध्ये आंद्रे आगासीचं 'ओपन' (२००९) याच रांगेतलं. १९९७ साली तो अमली पदार्थाच्या चाचणीत सापडला, तेव्हा चुकून दुसऱ्याचं पेय प्यायलो अशी थाप मारणारं पत्र त्याने संघटनेला पाठवलं आणि ते मान्यही झालं. कोणालाच काही कळलं नव्हतं. बारा वर्षांनी त्याने आपण होऊन सांगितलं.

तर मंडळी, तुमच्याकडची काढा. आवडलेली चालतील, डोक्यात गेलेली जास्त चालतील.

खिडकीपाशी

वाचनखूण साठवली. लिहीत राहा, वाचतोय.

चौथा_पंच

मोटारी आणि टेनिस चालू द्या, पण शीर्षकात 'खेळाडू' लिहायचं आणि क्रिकेटवर एक ओळ नाही, हे कसं काय बुवा?

मार्कस ट्रेस्कॉथिक. 'कमिंग बॅक टू मी', २००८. इंग्लंडचा सलामीवीर, ७६ कसोटी, २००६ च्या फेब्रुवारीत भारताचा दौरा अर्धवट टाकून घरी गेला. परतल्यावर टीव्हीवर मुलाखत दिली आणि सांगितलं की विषाणूचा संसर्ग झाला होता. खरं कारण नैराश्य. तुमचा खोटं बोलण्याचा मुद्दा इथे चपखल बसतो, पण खोटं का बोलावं लागलं हेही बघा. त्या काळी एखादा फलंदाज पोटरी दुखावल्याचं सांगू शकत होता, मन दुखावल्याचं नाही. आणि त्या मुलाखतीने त्याचं आणखीच वाटोळं झालं, कारण पुढे प्रत्येक जण विषाणूबद्दलच विचारायला लागला.

या पुस्तकात शेवटून दुसऱ्या प्रकरणात चषक नाही. २००८ च्या मार्चमध्ये तो क्लबच्या संघाबरोबर परदेशी निघाला होता, विमानतळावरच कोसळला आणि परत फिरला. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय क्रिकेट संपलं. इंग्लंडकडून पुन्हा कधीच खेळला नाही, पण सॉमरसेटकडून २०१९ पर्यंत खेळत राहिला. रात्री आपल्या घरात झोपता येईल एवढंच क्रिकेट. याला हार म्हणायची की जीत, ते ज्याचं त्याने ठरवावं.

अवांतर: याच पुस्तकात त्याने सांगून टाकलंय की २००५ च्या अ‍ॅशेसमध्ये चेंडूला चकाकी यावी म्हणून तो पेपरमिंटच्या गोळ्या चघळायचा. एवढ्या गंभीर पुस्तकातून तेव्हा मथळे कशाचे झाले असतील? गोळ्यांचे.

राखीव_गोली

मस्त धागा. फुटबॉलकडून हजेरी लावतो.

टोनी अ‍ॅडम्सचं 'अ‍ॅडिक्टेड' (१९९८). आर्सेनलचा आणि इंग्लंडचा कप्तान. १९९० मध्ये दारू पिऊन गाडी ठोकली, डिसेंबरात चार महिन्यांची शिक्षा झाली, साधारण निम्मी भोगून सुटला. आता साच्याप्रमाणे तुरुंग म्हणजे तळ, तिथून पुढे उजेड. अ‍ॅडम्सच्या बाबतीत तसं झालंच नाही. बाहेर आला आणि पुढची जवळजवळ सहा वर्षं पीतच राहिला. आणि गंमत म्हणजे त्या काळात चषकही उचलत होता. सोमवारी थरथरणारा माणूस शनिवारी बचावफळीच्या मधोमध उभा. दारू सुटली १९९६ च्या ऑगस्टमध्ये, युरो स्पर्धेनंतर. सप्टेंबरात ड्रेसिंगरूममध्ये सहकाऱ्यांना सांगितलं.

पुस्तकातलं मला सगळ्यात पटलेलं हे की यश मिळत होतं म्हणूनच आजार लपला. संघ जिंकतोय, कप्तान खेळतोय, मग विचारणार कोण? थर्डमॅनराव, तुमच्या सिद्धान्ताला माझी ही पुरवणी. इथे खोटं एकटा खेळाडू बोलत नाही, सगळा क्लब मिळून बोलतो.

लिहायला सोबत होता इयन रिडली, तो स्वतःही दारूतून बाहेर पडलेला पत्रकार. ते प्रत्येक पानावर जाणवतं. कुठेही 'बघा बिचारा' असा सूर नाही. २००० साली अ‍ॅडम्सने व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठी दवाखाना काढला, तोही पुस्तकाचाच पुढचा भाग समजा.

याच्या जोडीला निक हॉर्नबीचं 'फीवर पिच' (१९९२) वाचा. तोच क्लब, पण प्रेक्षकाच्या बाजूने. २६ मे १९८९ ला लीगच्या विजेतेपदासाठी लिव्हरपूलच्या मैदानावर आर्सेनलला दोन गोलांच्या फरकाने जिंकायचं होतं, एकाने जिंकून भागणार नव्हतं. दुसरा गोल भरपाईच्या वेळात आला. मायकेल थॉमस. हॉर्नबीसाठी तो आयुष्यातल्या थोर क्षणांपैकी एक. त्या संघाचा कप्तान होता अ‍ॅडम्स. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली की कळतं, गॅलरीतला माणूस ज्याला सुख समजत होता त्याच्या आत काय चाललं होतं.

थर्डमॅन

@राखीव_गोली, पुरवणी मान्य. हे वाचून ख्रिस लुईस आठवला. इंग्लंडचा अष्टपैलू, ३२ कसोटी, १९९२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात खेळलेला. २००८ च्या डिसेंबरात गॅटविक विमानतळावर द्रवरूप कोकेनसकट पकडला गेला. फळांच्या डब्यांत भरलेलं. खटल्यात म्हणाला, मला वाटलं रस आहे. ज्युरीने ऐकलं नाही. १३ वर्षांची शिक्षा झाली, २०१५ ला सुटला, २०१७ ला पुस्तक: 'क्रेझी: माय रोड टू रिडेम्प्शन'.

शीर्षकातच मोक्ष मिळवून टाकलाय, त्यामुळे मी नाक मुरडतच उघडलं. पण मधली काही पानं चांगली आहेत. पैसे संपत आल्यावरची भीती आणि निवृत्तीनंतर आपण कोणीच नाही हे कळणं. क्रिकेट संपलेल्या पण म्हातारपण न आलेल्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न या सगळ्या पुस्तकांत घुटमळत असतो आणि त्याला कोणी हात घालत नाही.

कारकून_रेसकोर्स

रेसिंग म्हटलं की सगळ्यांना चार चाकंच दिसतात. चार पायांचं काय?

लॉरा हिलेनब्रँडचं 'सीबिस्किट' (२००१). घोडा आखूड पायांचा, झोपाळू, मालकांनी ओवाळून टाकलेला. जॉकी रेड पोलार्ड, उजव्या डोळ्याने आंधळा. आणि हे त्याने अख्ख्या कारकिर्दीत लपवलं, कारण कळलं असतं तर त्याच दिवशी परवाना गेला असता. घ्या, तुमचं खोटं इथेही हजर. पण हे खोटं मला गोड वाटतं. त्याने कोणाला फसवलं असेल तर स्वतःच्या मरणाला.

१ नोव्हेंबर १९३८, अमेरिकेतलं पिमलिको रेसकोर्स, समोर वॉर अ‍ॅडमिरल हा घोडा. दोघांचीच झुंज. सगळे म्हणत होते, वॉर अ‍ॅडमिरल सुटतो गोळीसारखा, सीबिस्किटला सुरुवात जमत नाही. ट्रेनर टॉम स्मिथने स्वतः घंटा तयार केली आणि रोज घंटा वाजवून घोडा पळवायचा सराव करून घेतला. पोलार्ड तेव्हा पाय मोडून पडलेला, घोड्यावर जॉर्ज वुल्फ. पोलार्डने त्याला सांगून ठेवलं होतं की पुढे गेलास तरी दुसऱ्याला जरा जवळ येऊ दे, आपल्या घोड्याला त्याच्या डोळ्यात बघू दे, मग सोड. सल्ला कोण देतोय बघा, एका डोळ्याचा जॉकी. सीबिस्किट चार घोड्यांच्या लांबीने जिंकला. पुढच्या वर्षी घोड्याचाही पाय गेला. मग दोघे लंगडे एकाच रँचवर एकत्र बरे झाले आणि २ मार्च १९४० ला सांता अनिता हँडिकॅप ही शर्यत मारली, या वेळी पाठीवर पोलार्ड.

लिहिणारी बाई स्वतः दीर्घ थकव्याच्या आजाराने घरात अडकलेली. मुलाखती फोनवर. पुस्तकात मात्र स्वतःच्या आजाराचं रडगाणं नाही.

दुसरा माझा लाडका जॉकी डिक फ्रान्सिस. १९५६ ची ग्रँड नॅशनल, म्हणजे इंग्लंडातली अडथळ्यांची मोठी घोडशर्यत, तो बसलेला राणीच्या आईचा घोडा डेव्हन लॉक, सगळे अडथळे पार करून आघाडीवर, समोर मोकळं मैदान, शेवट हाताच्या अंतरावर आणि घोडा पोटावर सपाट. ना अडथळा, ना धक्का. ईएसबी नावाचा घोडा बाजूने निघून गेला. का पडला ते आजतागायत नक्की नाही. फ्रान्सिसचं मत, गर्दीच्या आरोळीने दचकला. पुढच्या वर्षी जॉकीगिरी सोडली, १९५७ मध्येच आत्मचरित्र आलं, मग वर्तमानपत्रात घोड्यांवर लिहायला लागला आणि १९६२ पासून रहस्यकथा. चाळीसच्या वर. हा सावरला तो जिंकून नाही. लोक आयुष्यभर त्याला त्या एका पडण्याबद्दलच विचारत राहिले आणि तो शांतपणे पुढची कादंबरी लिहीत राहिला.

चौथा_पंच

घोड्याचं आत्मचरित्र नाही ना अजून आलं? नाहीतर चेहरा मुखपृष्ठावर चांगला दिसला असता. गंभीर, कृष्णधवल.

निशाचर

सगळे टाळताय म्हणून मीच काढतो. अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग, 'इट्स नॉट अबाउट द बाइक', २०००.

ऑक्टोबर १९९६ मध्ये कर्करोगाचं निदान, फुप्फुसात आणि मेंदूत पसरलेला. १९९९ मध्ये टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकला. एके काळी निदान झालेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या उशाशी हे पुस्तक असायचं. आमच्या घरातही होतं, आणि ज्याच्यासाठी आणलं त्याने ते शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. २०१२ मध्ये डोपिंगपायी, म्हणजे उत्तेजक द्रव्यं घेतल्याबद्दल, टूरची सातही विजेतेपदं काढून घेतली, जानेवारी २०१३ मध्ये टीव्हीवर कबुली.

थर्डमॅन यांच्या कसोटीवर हे पुस्तक शून्य. पडलेला असतानाचं खोटं सांगणं दूरच, आख्खं पुस्तकच खोट्यावर उभं. अमेरिकेत काही वाचकांनी खटलाही भरला होता की सत्यकथा म्हणून विकलेलं पुस्तक असत्य निघालं, पैसे परत द्या. न्यायाधीशांनी २०१३ मध्येच तो फेटाळला, लिखाण अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं म्हणून.

पण आता माझा पेच ऐका. युवराज सिंग. २०११ च्या विश्वचषकात ३६२ धावा, १५ बळी, मालिकावीर. पुढच्या वर्षी इंडियानापोलिसला केमो. ज्या डॉ. आइनहॉर्नकडे त्याचे उपचार झाले, त्यांच्याच विद्यापीठाच्या इस्पितळात आर्मस्ट्राँगचेही झाले होते. आणि त्या दिवसांत युवराज वाचत काय होता? हेच पुस्तक. त्याने स्वतः सांगितलं आहे. ११ सप्टेंबर २०१२ ला चेन्नईत न्यूझीलंडविरुद्ध तो परत उतरला, २६ चेंडूंत ३४. सामना भारत एका धावेने हरला, पण त्या रात्री ते कोणाच्या लक्षात होतं? आणि महिन्या-दीड महिन्यात आर्मस्ट्राँगची विजेतेपदं गेली.

केमोची प्रकरणं खोटी नव्हती. उलट्या खऱ्या, गळलेले केस खरे. सायकल खोटी. मग त्या पुस्तकाने युवराजला जे दिलं ते खरं की खोटं? मला उत्तर सापडलेलं नाही. पुस्तक मी फेकलं नाही आणि परत उघडलंही नाही.

अबोली_के

निशाचर, प्रतिसाद आवडला. पण एक बाजू राहतेय.

निकोल कुक. ब्रिटिश सायकलपटू. २००८ मध्ये बीजिंगचं ऑलिंपिक सुवर्ण आणि त्याच वर्षी रस्त्यावरच्या शर्यतीचं जगज्जेतेपद. एकाच वर्षात दोन्ही जिंकणारी ती पहिलीच, पुरुषांतही त्याआधी कोणाला जमलं नव्हतं. १४ जानेवारी २०१३ ला तिने निवृत्ती जाहीर केली. आर्मस्ट्राँगची मुलाखत दाखवली जाण्याच्या काही दिवस आधी. त्या निवेदनात ती जे म्हणाली त्याचा आशय असा: टायलर हॅमिल्टनला (आर्मस्ट्राँगचा जुना सहकारी) फसवणूक कशी केली हे सांगणाऱ्या पुस्तकातून जेवढे पैसे मिळतील, तेवढे मला प्रामाणिकपणे सायकल चालवून सगळ्या वर्षांत मिळाले नाहीत.

हॅमिल्टनचं 'द सीक्रेट रेस' त्याच्या आदल्या वर्षीचं, आणि त्याला वर्षातल्या सर्वोत्तम क्रीडापुस्तकाचा मोठा ब्रिटिश पुरस्कारही मिळाला होता.

आता थर्डमॅनदादांची कसोटी लावा. ज्याने जास्त खोटं बोलून मग कबूल केलं त्याचं पुस्तक भारी. जी खोटं बोललीच नाही तिच्याकडे सांगायला काय उरलं? तिचं 'द ब्रेकअवे' २०१४ मध्ये आलं, पुरुषांच्या कबुलीजबाबांच्या गर्दीत. त्यात तळ नाही, देवमाणूस नाही. बुडालेले पगार आहेत, आपल्याच संघटनेशी केलेली भांडणं आहेत, आणि डोपिंगला नाही म्हटल्यावर पुढे काय होतं ते आहे. वाचायला सोपं नाही, कारण सगळीकडे राग आहे. पण तो राग तिने कमावलेला आहे.

मला या सगळ्या प्रकाराचा कंटाळा येतो तो इथेच. पडणाऱ्याला दोनदा टाळ्या मिळतात, चढताना एकदा आणि कबुली देताना एकदा.

राखीव_गोली

अबोलीताई, टोला बसला. शेवटच्या वाक्याला +१.

थर्डमॅन

अबोलीताई, हॅमिल्टनचं वाचताना मला हाच त्रास झाला होता, पण नेमकं बोट ठेवता आलं नव्हतं. तरीही थोडी बाजू लढवतो.

डेव्हिड मिलरचं 'रेसिंग थ्रू द डार्क' (२०११) घ्या. तोही डोप घेणारा. २००४ मध्ये पोलिसांनी पकडलं, झडतीत घरात वापरलेल्या सिरिंज सापडल्या. फेकून न देता जपून ठेवलेल्या! दोन वर्षं बंदी, २००३ चं टाइम ट्रायलचं (एकेकट्याने घड्याळाविरुद्धच्या शर्यतीचं) जगज्जेतेपद गेलं. हॅमिल्टन सांगतो यंत्रणा कशी चालायची. मिलर सांगतो, मी घेणार नाही असं म्हणणारा पोरगा एका संध्याकाळी हो कसा म्हणाला. कोणी जबरदस्ती केलेली नाही. थकवा, पराभव, वरिष्ठ खेळाडूचा समजूतदार आवाज. ते पान वाचल्यावर आपण त्या जागी काय केलं असतं याची खात्री राहत नाही. ही माहिती कुक देऊ शकत नाही, कारण ती त्या खोलीत कधी गेलीच नाही.

पैशाच्या हिशेबावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तो अन्यायच आहे.

तात्या_गुगली

उशिरा आलो. पोरांनो, तुम्ही सगळे एक गृहीत धरून चाललाय की खेळाडू स्वतःच्या चुकीने पडतो. मुळात ज्याला उभंच राहू दिलं नाही त्याचं काय?

पाळवणकर बाळू, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातीतला क्रिकेटपटू. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी झाडणं, लोळवणं आणि नेटमध्ये गोलंदाजी टाकणं. तासन् तास टाकायची, बॅट मात्र कधी हातात दिली नाही. ग्रेग नावाचा साहेब म्हणे बाळूने बाद केलं की आठ आणे द्यायचा. हिंदूंच्या संघात घेतला तो उत्तम डावखुरा फिरकीवाला म्हणून, पण चहाच्या वेळी त्याला पॅव्हिलियनच्या बाहेर मातीच्या कुल्हडात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराच्या वर बळी. कप्तानपद? नाही. पुढे ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये, आणि तेही भावांनी संघाबाहेर राहून निषेध केल्यानंतर तीन वर्षांनी.

रामचंद्र गुहांच्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' (२००२) मध्ये हे सगळं सविस्तर आहे. गुहांनी ज्याचा आधार घेतला त्यात विठ्ठलचं मराठी आत्मचरित्र आहे, 'माझे क्रीडाजीवन'. आपल्या भाषेतलं पुस्तक आणि आपण लाउडाच्या हेल्मेटवर बोलतोय. वाईट वाटून घेऊ नका, मलाही लाउडा आवडतो.

इथे सुधारायचं होतं ते पॅव्हिलियनमध्ये बसलेल्यांनी. आणि त्यांच्यापैकी कोणी कबुलीचं पुस्तक लिहिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

अबोली_के

तात्या, _/\_

चौथा_पंच

तात्यांनी सामना संपवला. आम्ही बेल्स उचलतो.

राखीव_गोली

बेल्स राहू द्या, एक राहिलंय, आणि ते टाकताना जरा जड जातंय. रोनाल्ड रेंगचं रॉबर्ट एन्केवरचं पुस्तक, मूळ जर्मन २०१० चं, इंग्रजीत 'अ लाइफ टू शॉर्ट'. एन्के जर्मनीचा गोलकीपर. १० नोव्हेंबर २००९ ला त्याने आयुष्य संपवलं. नैराश्य त्याने शेवटपर्यंत जगापासून लपवलं, घरच्यांना आणि अगदी थोड्यांनाच माहीत होतं. हे पुस्तक दोघे मित्र मिळून लिहिणार होते, एन्केची कारकीर्द संपल्यावर. ते रेंगला एकट्याने लिहावं लागलं, एन्केच्या डायऱ्या हाताशी घेऊन.

गोलकीपरचं काम असं की चूक झाली की ती गोल म्हणून फळ्यावर लागते, लपत नाही. अशा माणसाने बाकी सगळं लपवण्यात किती ताकद घातली असेल? रेंग कुठेही रडवत नाही. एन्के कुत्री घरी आणायचा, पत्नीशी चेष्टा करायचा, चांगले दिवसही भरपूर होते, हे सगळं येतं. म्हणूनच जास्त लागतं.

ट्रेस्कॉथिकचं पुस्तक २००८ मध्ये आलं होतं. खेळणाऱ्या माणसाने हे बोलायचं असतं हे नुकतं कुठे सुरू होत होतं. मन नाजूक असेल त्या दिवसांत हे वाचू नका, आणि वाचायचंच तर कोणाशी तरी बोलत बोलत वाचा.

वाचनमात्र

बरेच दिवस नुसती वाचक होते, आज खाते उघडून पहिला प्रतिसाद. भाचा चौदा वर्षांचा आहे, फुटबॉल खेळतो, पुस्तक हातात धरत नाही. यातलं काय देऊ? एन्के अर्थातच नाही.

कारकून_रेसकोर्स

सीबिस्किट. डोळे मिटून.

राखीव_गोली

फुटबॉल खेळणाऱ्याला घोडा कशाला? 'फीवर पिच' मात्र इतक्यात नको, ते तिशीतल्या माणसाचं पुस्तक आहे. अ‍ॅडम्स दोनेक वर्षांनी. आत्ता पोराला त्याच्या आवडत्या खेळाडूचं जे असेल ते द्या, गुळगुळीत असलं तरी. चांगलं-वाईट नंतर कळतं, आधी पानं उलटायची सवय लागू दे.

थर्डमॅन

@वाचनमात्र, स्वागत. मी दोघांशीही असहमत, मी लाउडा देईन. छोटं पुस्तक आहे, वाक्यं तुटक, कुठेही उपदेश नाही. चौदाव्या वर्षी उपदेशाचा वास लांबून येतो.

निशाचर

लाउडाला दुजोरा. आणि तो १९८४ मध्ये परत जगज्जेता झाला ते प्रोस्टला अर्ध्या गुणाने मागे टाकून, हे भाच्याला आधीच सांगू नका. त्या वर्षी मोनॅकोची शर्यत पावसामुळे अर्ध्यात थांबवली, जिंकणाऱ्या प्रोस्टला नऊऐवजी साडेचारच गुण मिळाले. पूर्ण शर्यत होऊन तो नुसता दुसरा आला असता तरी सहा मिळाले असते आणि विजेतेपद त्याचं झालं असतं. १९७६ ला पावसाने घेतलं, १९८४ ला पावसाने दिलं. कादंबरीत घातलं तर संपादक काढून टाकेल.

चौथा_पंच

आणि त्या सगळ्या ट्रॉफ्यांचं त्याने काय केलं ते माहितीये का? ओळखीच्या गॅरेजवाल्याला देऊन टाकल्या. बदल्यात गाडी फुकट धुऊन मिळायची.

वाचनमात्र

ठरलं मग, लाउडा. ट्रॉफ्यांची गोष्ट भाच्याला आत्ताच सांगितली. पहिला प्रश्न: "गाडी किती वर्षं धुऊन दिली?" कोणाला माहीत असेल तर टाका.